समेटाला जामीन कोण?

कल्याण, डोंबिवली, आंबिवली, टिटवाळा आणि मोहने परिसरातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, धर्मगुरू आणि पंच यांस,



उपवासकाळ तोंडावर आला आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आपणा सर्वांच्या व्यासपीठांवरून क्षमेवर आणि समेटावर प्रवचनं होतील. ती ऐकतच मी मोहन्यात लहानाची मोठी झाले आणि त्यांचं माझ्यावर ऋण आहे. म्हणूनच यंदाची प्रवचनं तयार करायला आपण बसण्याआधी एक विनंती आपल्यापुढे ठेवते. दुखावलेल्या माणसाला ‘क्षमा कर’ असं सांगताना मंडळीनं त्याच वेळी स्वतःला विचारावं, की या समेटाला आम्ही जामीन राहायला तयार आहोत का?

मोहन्यात राहणाऱ्याला जामीनकी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. नोव्हेंबर २००९मध्ये एनआरसी ही इथली रेयॉन कंपनी बंद झाली, तेव्हा नुसता एक कारखाना थांबला नाही. किराणा, घरभाडी, शिकवण्या, भिशी असा गावाचा सगळा व्यवहार पगाराच्या तारखेवर चालत होता. ती तारीखच राहिली नाही. ज्यांचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता, त्यांच्याही घरात झळ पोचली. कुणाचे पतपेढीचे हप्ते थकले, कुणाच्या सहीवर कुणी कर्ज काढलं होतं ते बाहेर आलं, आणि वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली माणसं रस्त्यात समोर आली की मान वळवू लागली.

आमच्या घरीही तेच झालं. माझे वडील शहाडकडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांचे एक जिवलग मित्र होते, आम्ही त्यांना काका म्हणत असू. दोघंही मूळचे नगरकडचे. एकाच मंडळीत, एकाच बाकावर बसणारे, नाताळात घरोघरी गाणी गात फिरताना एकाच्या गळ्यात ढोलकी तर दुसऱ्याच्या हातात झांजा. काकांनी पतपेढीतून कर्ज काढलं आणि जामीनदार म्हणून वडिलांनी सही केली. पुढे काकांचं काम सुटलं, हप्ते थांबले, आणि एके दिवशी त्यांच्या खोलीला कुलूप दिसलं. कुणाला न सांगता सगळं कुटुंब निघून गेलं होतं. काही महिन्यांनी सहकार कायद्याच्या कलम १०१ची वसुलीची नोटीस आली ती आमच्या दारात. वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. आईच्या पाटल्या मोडल्या, माझ्या भावाचा डिप्लोमा लांबला.

त्या काळात मंडळीतली वडीलधारी माणसं घरी यायची, प्रार्थना करायची आणि निघताना वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायची, ‘माफ करून टाका. प्रभूनं सत्तर वेळा सात सांगितलंय.’ वडिलांनी एकदा शांतपणे उत्तर दिलं होतं, ‘माफ करायला माझी ना नाही. पण दर महिन्याला पगार कापून येतो, आणि दर महिन्याला मला नव्यानं माफ करावं लागतं. यात माझ्याबरोबर कुणी आहे का?’ त्यावर कुणी काही बोललं नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी वडील उपासनेला यायचे, पण मागच्या बाकावर बसायचे. भाकरीची थाळी आणि लहान पेल्यांचा ट्रे त्यांच्यापाशी आला की ते तो शेजाऱ्याकडे सरकवायचे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं सांगितलंय, की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. वडिलांना ते शब्दशः खरं वाटत होतं. पण तो भाऊ कुठल्या गावात आहे, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

ही कोंडी फोडली ती आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त बायबलबाईंनी. त्यांनी प्रवचन केलं नाही. एसटीत बसून त्या नगरकडे गेल्या, विचारत विचारत काकांचं घर शोधलं. काका तेव्हा साखर कारखान्याच्या हंगामात मिळेल ते काम करत होते. बाईंनी त्यांना एकच विचारलं, ‘महिन्याला किती जमेल?’ काकांनी खालमानेनं एक आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, ‘मग तेवढेच माझ्या हातात दे. वहीत मी लिहीन. ज्या महिन्यात जमणार नाही, त्या महिन्यात ते सांगायला तुझ्याबरोबर मी त्यांच्या दारात येईन.’

काका आले तेव्हा बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. काकांनी हात जोडले ते आधी माझ्या आईसमोर, कारण पाटल्या तिच्या गेल्या होत्या. मग बाईंनी वही उघडून वडिलांपुढे ठेवली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेची वही. पहिल्या पानावर पतपेढीतून आणलेला सगळा हिशेब काकांच्या अक्षरात उतरवलेला होता. किती कपात झाली, व्याज किती, नोटिशीचा खर्चही. काही लपवलेलं नव्हतं. वडिलांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘मुद्दल दे. व्याज मी सोडलं.’ पुढे काही महिने पैसे आले, काही महिने आले नाहीत. आले नाहीत तेव्हा बाई खरोखरच काकांना घेऊन दारात आल्या. वही पुरी व्हायला वेळ लागला, पण वडिलांनी पेला हातात घेतला तो काका पहिल्यांदा आले त्याच्या पुढच्या प्रभुभोजनाला. हिशेब बाकी होता. फक्त आता तो एकट्या वडिलांचा राहिला नव्हता.

ख्रिस्ती समेट म्हणजे काय, हे मी त्या वहीपाशी शिकले. तेव्हापासून शास्त्र वाचताना तीच माणसं मला जागोजागी भेटतात. फिलेमोनाला लिहिलेलं पौलाचं पत्र घ्या. अनेसिम हा दास मालकाच्या घरून निघून गेलेला. पौल त्याला परत पाठवतो, पण रिकाम्या हातानं नाही. त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल, देणं असेल, तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं तो स्वतःच्या हातानं लिहून देतो. नव्या करारातलं ते एवढंसं पत्र, आणि त्याच्या मध्यभागी एका प्रेषितानं राहिलेली जामीनकी. इब्री लोकांस पत्रात तर खुद्द येशूलाच अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे. क्रुसाकडे बघून आपण म्हणतो की देवानं जगाशी समेट केला. तो तोशीस न लागता झाला नाही. मग आपल्यातले समेट फुकटात व्हावेत, अशी अपेक्षा मंडळीनं कशी ठेवावी?

आणि ज्याच्या हातून अन्याय झाला त्याच्याबद्दलही शास्त्र मौन नाही. जक्कय झाडावरून उतरला आणि फसवून घेतलेल्याच्या चौपट परत करीन म्हणाला, तेव्हा येशूनं त्या घराला तारण झाल्याचं सांगितलं. याकोब एसावाला भेटायला निघाला तेव्हा त्यानं आधी कळपांमागून कळप पुढे पाठवले. एसाव धावत येऊन गळ्यात पडला, मला पुष्कळ आहे म्हणाला, तरी याकोबानं आग्रह करून ते त्याला घ्यायला लावले. परत करण्याची ती धडपड आणि ‘मला पुष्कळ आहे’ म्हणण्याचा तो मोठेपणा, दोन्ही एकाच भेटीत आहेत. आपल्या प्रवचनांत एसाव वरचेवर येतो. याकोबाचे कळप मात्र क्वचितच दिसतात.

समेटाचा विचार करताना याच भागाशी नातं असलेल्या एका कवीचं घर आठवतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं प्राथमिक शिक्षण कल्याणात झालं, १८६९ ते १८७३ या काळात. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सगळं आयुष्य उलटंपालटं झालं. नवरा जिवंत असून त्या एकट्या पडल्या. त्या काळात त्यांच्या मनाची काय दशा झाली, ते त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणाही मराठी माणसाला सांगायला नको. पुढे दोघं पुन्हा एकत्र आली, तीही लगेच एका चुलीवर नाही. लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला, आणि टिळकांनी तो ठेवू दिला. जातिभेद माणसांनीच केला, हे लक्ष्मीबाईंना उमगलं ते स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळेला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीनं अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरं केलं.

या घरातून मी घेते ते एवढंच, की ज्याच्या निर्णयानं जखम झाली त्यानं वाट पाहायची असते. समेटाची तारीख ठरवण्याचा हक्क दुखावलेल्याचा. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांत धर्मांतरानं, आंतरजातीय लग्नानं, एका पंथातून दुसऱ्यात गेल्यानं आजही माणसं तुटतात. त्यांच्याकडे जाताना मंडळीनं हातात घड्याळ घेऊन जाऊ नये.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं. राणी मारिया या केरळच्या धर्मभगिनी देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात काम करत होत्या. सावकारांच्या कचाट्यातून शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी त्यांनी बचतगट उभे केले, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदर सिंह नावाच्या तरुणानं बसच्या प्रवासात त्यांचा खून केला. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. पुढे तो सुटला, केरळला त्यांच्या आईच्या दारात गेला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आलं. ही गोष्ट आपण सगळे सांगतो, राखीचा प्रसंग तर हमखास. पण स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू त्या कैद्याला तुरुंगात जाऊन भेटत राहिले, त्याचा पश्चात्ताप ऐकत राहिले आणि त्या बहिणीच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले, हे सांगायचं राहून जातं. सेल्मी पॉल यांची क्षमा त्यांची स्वतःची होती. कुणी त्यांना व्यासपीठावरून हुकूम केला नव्हता. क्षमा माणूस एकट्यानं, बंद खोलीतही करू शकतो. समेटाला मात्र दोघं लागतात, आणि बहुतेक वेळा मध्ये उभं राहणारं तिसरं कुणी लागतं.

ते तिसरं कुणी नसलं, की समेटाच्या नावाखाली काय होतं, हे आपल्या महिला मंडळांना विचारा. नवरा मारतो म्हणून एखादी बाई पाळकांकडे येते. प्रार्थना होते, नवऱ्याला समज दिली जाते, आणि ‘घर मोडू नका’ म्हणून तिला त्याच रात्री परत पाठवलं जातं. मी अशा बायकांबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले आहे. एकीचा गाल सुजून डोळा मिटला होता, आणि तिला तक्रार नोंदवायची की नाही याची काळजी नव्हती. येत्या रविवारी चर्चमध्ये काय म्हणतील, याची होती. त्या घराला मंडळीतलं कोण जामीन राहिलं होतं? पुन्हा हात उगारला तर तिनं मध्यरात्री कुणाचं दार वाजवायचं, हे कुणी तिला सांगितलं होतं? कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ सालचा आहे. त्याच्या कितीतरी आधी, १८८९ साली, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे केडगावला मुक्ती उभी केली. ज्या घरांनी बायकांना लोटलं, त्याच घरांशी जुळवून घ्यायला रमाबाईंनी त्यांना सांगितलं नाही. आधी छप्पर दिलं, हाताला काम आणि अक्षर दिलं. ही आपलीच परंपरा आहे, आणि ती आपल्या समेटाच्या शिकवणीत का उतरत नाही, हा प्रश्न मी आपल्याला कळकळीनं विचारते.

मोठ्या पातळीवरही हेच दिसतं. दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग बसला. १९९६पासून लोकांनी सर्वांसमोर आपल्या यातना सांगितल्या, अपराध्यांनी गुन्हे कबूल केले आणि त्यातल्या अनेकांना माफी मिळाली. तो जगाला मोठा धडा होता. पण पीडितांना द्यायची भरपाई सरकारनं २००३ साली जाहीर केली, आणि ती आयोगानं शिफारस केलेल्या रकमेच्या मानानं फार तोकडी होती. सत्य बोलायला लोक पुढे आले, जामीनदार मात्र मागे राहिला. त्याची सल तिथं अजून आहे.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळते. या रेल्वेपट्ट्यात कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, मारथोमा, सिरो-मलबार, पेन्टेकॉस्टल अशी आपण सगळी आहोत. उपासना मराठीत चालते, मल्याळममध्ये, तमिळमध्ये, कोकणीत, हिंदीत, इंग्रजीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन केलं, हा महाराष्ट्राच्या मातीत झालेला समेट आहे. आणि त्याच महाराष्ट्रात चर्चच्या जागा, ट्रस्ट आणि निवडणुका यांवरून आपण एकमेकांवर दावे लावून बसलो आहोत, हेही सर्वांना माहीत आहे. जात तर आपल्यात नाहीच असं आपण बोलतो, आणि लग्नाचं स्थळ बघताना मूळ गाव आणि जुनं आडनाव हळूच विचारतो. यावर एका प्रवचनानं उतारा पडणार नाही.

म्हणून या उपवासकाळासाठी आपल्यापुढे काही मागण्या ठेवते. प्रत्येक मंडळीत विश्वासाची तीन माणसं नेमावीत, त्यांत निदान एक बाई असावी आणि पाळक स्वतः नसावेत. पाळकांपुढे लोक आपला चांगला चेहरा घेऊन येतात. पैसा, जागा, वाटणी, जामीनकी यांवरून तुटलेल्या कुटुंबांनी त्यांच्याकडे जावं. त्यांनी दोघांचं ऐकावं, आधी दुखावलेल्याचं, आणि जे ठरेल ते कागदावर आणावं. नावं व्यासपीठावरून कधीही घेतली जाऊ नयेत. ठरलेलं शेवटपर्यंत पार पडतं की नाही, हे त्यांनी बघावं, आणि अडलं तर दारात जावं.

प्रभुभोजन किंवा ईस्टरची मिस्सा यांची घोषणा एक आठवडा आधी करताना सांगावं, की ज्यांना कुणाच्या दारी जायचं आहे त्यांच्यासाठी हा आठवडा आहे, आणि एकट्यानं जायचं धैर्य होत नसेल तर मंडळीतलं कुणीतरी बरोबर येईल. दानपेटीतला एक लहानसा वाटा देणं फेडायला मदत म्हणून बाजूला काढावा. कारण परत करायची इच्छा असून पहिला हप्ता हातात नाही, अशी माणसं आपल्याच बाकांवर बसलेली आहेत.

मार खाणाऱ्या बाईच्या बाबतीत समेट हा शब्द काढण्याआधी तिला आणि तिच्या मुलांना निजायला सुरक्षित जागा द्यावी. पोलिसांत जायचं असेल तर मंडळीनं तिच्याबरोबर जावं. नवरा बदलला की नाही, हे तिनं ठरवावं.

दर वर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. त्यात एक संयुक्त कार्यक्रम, भाषणं आणि चहा, एवढ्यावर आपण समाधान मानतो. पुढच्या जानेवारीपर्यंत या परिसरातल्या मंडळ्यांनी आपसातला निदान एक जुना वाद काढून मिटवावा आणि त्या आठवड्यात त्याची साक्ष द्यावी.

आपल्यातले काही म्हणतील, आमचं काम वचन सांगायचं, हिशेब आणि भांडणं सोडवायला कोर्ट आहे. कोर्टाला माझा विरोध नाही. जिथं गुन्हा आहे तिथं कायद्याचाच मार्ग धरावा, आणि मंडळीनं तो अडवू नये. पण कोर्ट वसुली करून देईल, बाकावर शेजारी बसवून देणार नाही. काही म्हणतील, जामीन राहिलो आणि समोरच्यानं शब्द पाळला नाही तर? तर तोशीस लागेल. माझ्या वडिलांना लागली. म्हणून जामीन राहायचंच सोडलं, तर पौलाचं ते पत्र आपण कुठल्या तोंडानं वाचणार आहोत?

आणखी एक गोष्ट, आपल्या भिंतींबाहेरची. कल्याणपासून आंबिवलीपर्यंत बंद पडलेल्या कारखान्यांच्या छायेत म्हातारे झालेले कामगार आहेत. आपल्या हक्काच्या देण्यांसाठी त्यांनी आयुष्याची वर्षं घालवली आहेत. त्यांत हिंदू आहेत, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती सगळे आहेत. याकोबाच्या पत्रात मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो, असं लिहिलं आहे. तो आवाज आपल्याही कानी पडावा. त्यांच्या अर्जांवर सह्या करायला, वकिलाकडे त्यांच्याबरोबर जायला, त्यांच्या सभेला आपला हॉल उघडून द्यायला पाळकांनी आणि धर्मगुरूंनी पुढे यावं. ‘झालं गेलं विसरा’ असं त्यांना सांगायचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.

देवानं ख्रिस्ताच्या द्वारे स्वतःशी आपला समेट केला आणि समेटाची सेवा आपल्याला सोपवली, असं पौल करिंथकरांना लिहितो. सेवा म्हणजे काम, आणि कामाला माणसं, वेळ आणि पैसा लागतो. वही लिहिणाऱ्या त्या बायबलबाई आज हयात नाहीत. त्यांच्याकडे पद नव्हतं, पेन्शन जेमतेम होती. त्यांनी जे एकटीनं केलं, ते एका अख्ख्या मंडळीला जमावं. राखेच्या बुधवारच्या आधी आपल्या पंचांची बैठक बोलवा, तीन नावं ठरवा, आणि त्यानंतरच्या रविवारच्या सूचनांमध्ये ती वाचून दाखवा. आमच्या महिला मंडळाची तयारी आहे. कोणत्याही मंडळीनं हाक मारावी, आम्ही येऊ.

ख्रिस्तात आपली,
मोहने येथील एका मंडळीची सभासद